वाचक विचारतात: उधाण बघायला नेमकं कधी जायचं?

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की पुणेकर समुद्रावर जातात ते सुट्टी बघून, समुद्र बघून नाही, आणि ऑक्टोबरातलं उधाण (म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) कुणी बघतच नाही. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागाची पण आहेत. जमतील तेवढी घेते.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मी, मिस्टर, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात). दसऱ्याला जोडून चार दिवस सुट्टी काढली आहे. मुलाला भूगोलात भरती-ओहोटी आहे म्हणून त्याला खरं मोठं उधाण दाखवायचंय. मालवण बरं की अलिबाग? आणि टीव्हीवर मरीन ड्राइव्हच्या दाखवतात तशा लाटा दिसतील ना?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट क्लिअर करू, तुम्हाला लाटा बघायच्यात की भरती? कारण टीव्हीवर जे दिसतं ते जुलैतलं असतं, पावसाळी वाऱ्याच्या लाटा आणि त्याच वेळी मोठी भरती असे दोन्ही एकत्र आलेले. ऑक्टोबरात वारा पडलेला असतो, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, कठड्यावरून पाणी उडून टॅक्सीवर पडणार नाही. पण म्हणूनच भरती ही चीज काय असते ते या दिवसांत नीट कळतं, पाणी आवाज न करता चढत जातं आणि उतरताना इतकं मागे जातं की मगाशी होडी जिथे डुलत होती तिथे ती आता वाळूवर कलंडून पडलेली असते.

आता वाईट बातमी. दसरा म्हणजे दशमी, आणि अष्टमी ते दशमी हे भांगाचे दिवस. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, चंद्र आणि सूर्य एकमेकांना काटकोनात ओढत असतात त्यामुळे पाणी ना धड चढत ना धड उतरत. म्हणजे तुम्ही चार दिवस रजा टाकून, घाट उतरून, समुद्र सगळ्यात आळशी असतो नेमक्या त्याच दिवसांत तिथे पोचणार! रजा बदलता येत असेल तर कोजागरीनंतरचे तीन दिवस घ्या, नाहीतर सरळ पाडवा-भाऊबीज घ्या (माहेरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा). लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, आणि सगळ्यात मोठी भरती बरोबर अमावास्या-पौर्णिमेला न येता एक-दोन दिवस उशिरा येते, म्हणजे बीजेच्या आसपास. घाईच असेल तर सर्वपित्री अमावास्येचे दिवसही उत्तम, २२-२३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो आणि त्याच्या जवळपासची अमावास्या किंवा पौर्णिमा जोरात असते. शिवाय पितृपक्षात आपल्याकडे कुणी फिरायला जात नाही, त्यामुळे रूम मिळतात आणि भावही करता येतो.

मालवण की अलिबाग, तर या कामासाठी अलिबाग. मालवण सुंदर आहे, पाणी निळं आहे, मासे तर विचारूच नका, पण भरती बघायला नाही. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, गोव्याला उधाणातही दोन मीटरच्या आसपास, मुंबई-अलिबागला चार मीटर आणि वर, म्हणजे एका मजल्यापेक्षा जास्त. कारण मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ जवळजवळ तीनशे किलोमीटर आतपर्यंत पसरलाय, त्या उथळ पाण्यात भरतीची लाट फुगते. मुलाच्या पुस्तकात हे नसेल, सांगा त्याला.

आणि आता वेळेचा हिशोब, कारण इथेच सगळे चुकतात. माझा मामा अलिबागकडचा, त्याने लहानपणी शिकवलेलं गणित: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीन आणि पहाटे तीनला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि ओहोटी त्याच्या आधी-नंतर सव्वासहा तासांनी. मग पौर्णिमेला अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं म्हटलं तर पाणी उतरणार पहाटे साडेपाच-सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला, जेव्हा किल्ला बंद व्हायची वेळ. म्हणून पौर्णिमेला नकोच, वद्य तृतीयेला जा. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास, उधाणाचा जोरही अजून शिल्लक. सातला पुळणीवर उभे राहा. पाणी मागे मागे जातं आणि किल्ल्यापर्यंतची ओली वाळू उघडी पडायला लागते, त्यावर नक्षी असते वाळूची, पायाला टोचते, मधेच घोट्याएवढ्या पाण्याच्या पट्ट्या लागतात. सासूबाईंना घोडागाडीत बसवा, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांत, १६८० च्या सुमारास सुरू झालं आणि संभाजी महाराजांनी पुरं केलं, नंतर ते आंग्र्यांचं मोठं ठाणं. तटाचे दगड जवळ जाऊन बघा, मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर बसवलेत, सांध्यात चुना नाही, लाटेचं पाणी फटीतून आत शिरतं आणि परत येतं, तट जागेवर. आत गोड्या पाण्याचं टाकं आणि गणपती आहे.

परत कधी फिरायचं? पाणी पूर्ण उतरलं की त्यानंतर तासाभरात किनाऱ्याकडे तोंड करायचं. आत बसून पोहे खात बसू नका. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात अगदी थोडं, दुसऱ्यात जरा जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. त्यामुळे लोकांना वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि मग एकदम गुडघ्याला, मांडीला. अडकलात तर होडी मिळते, पण सासूबाईंना होडीत चढवणं हा वेगळा कार्यक्रम.

त्याच दिवशी दुपारी दोनला तिथेच परत या. ज्या वाळूवरून सकाळी चाललात तिथे होड्या फिरत असतील आणि किल्ला बेट झालेला असेल. सकाळी मुलाचा एक फोटो आणि दुपारी त्याच जागेवरून दुसरा, बास, भूगोलाचा धडा झाला. अलिबागहून निघताना वडखळच्या ट्रॅफिकची मानसिक तयारी ठेवा.

प्रश्न : मुलगा कॅनडात हॅलिफॅक्सला आहे, आम्ही दोघं (६६ आणि ६२, सहकारनगर) ऑक्टोबरात त्याच्याकडे महिनाभर आहोत. तो म्हणतो तिथून जवळ जगातली सगळ्यात मोठी भरती येते. आम्ही हॅलिफॅक्सच्या बंदराचे फोटो बघितले, त्यात तर काहीच विशेष वाटलं नाही. जाण्यासारखं आहे का? झेपेल का?

उत्तर : काका, मुलगा बरोबर सांगतोय, बंदर चुकीचं बघितलंत. हॅलिफॅक्स अटलांटिकच्या बाजूला आहे, तिथे भरती दीड-दोन मीटरची, आपल्या मालवणसारखीच. पण त्याच प्रांताच्या पाठीमागच्या बाजूला बे ऑफ फंडी म्हणून उपसागर आहे आणि त्याच्या पार टोकाशी, बर्नकोट हेड नावाच्या जागी, पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. सोळा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी सहा तासांत समुद्रात बुडते आणि पुढच्या सहा तासांत कोरडी होते असं समजा.

का होतं ते पण सांगते कारण मला ते फार आवडतं. झोक्यावरच्या पोराला आपण बरोबर लयीत धक्का दिला की झोका वर वर जातो, चुकीच्या वेळी दिला तर अडतो. त्या उपसागराची लांबी आणि खोली अशी आहे की आत गेलेलं पाणी हेलकावा घेऊन परत यायला साधारण तेरा तास घेतं, आणि समुद्राची भरती दर बारा तास पंचवीस मिनिटांनी धक्का देते. लय जवळजवळ जुळते. त्यात तो उपसागर आत निमुळता आणि उथळ होत जातो, मग पाण्याला वर चढण्याशिवाय जागाच नाही.

बघायचं काय, तर दोन जागा. बर्नकोट हेड हॅलिफॅक्सहून गाडीने साधारण दीड तासाच्या आत, ओहोटीला तिथे समुद्राच्या तळावर उतरून चालता येतं. दुसरी होपवेल रॉक्स, शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, तीनेक तास, तिथे पाण्याने खालून कोरून काढलेले उंच सुळके आहेत, वर झाडं उगवलेली, लोक त्यांना फुलदाण्या म्हणतात. ओहोटीला त्यांच्या पायथ्याशी फिरायचं, भरतीला त्याच सुळक्यांच्या मधून कयाक चालतात. महत्त्वाचं एकच, जागा एक पण दोनदा बघायची, सहा तासांच्या अंतराने. एकदाच बघून आलात तर नुसता चिखल नाहीतर नुसतं पाणी, आणि मग पुण्यात येऊन सांगाल की काही खास नव्हतं. मधल्या वेळात जेवा, झाडं बघा, त्या दिवसांत पानं लाल-पिवळी झालेली असतात.

तिथे पौर्णिमेसाठी थांबायची गरज नाही, रोजची भरतीच अचाट असते, उधाणाला अजून थोडी भर. होपवेलचा सीझन मात्र ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास संपतो, त्यामुळे पोचल्यावर जेटलॅग उतरला की पहिल्याच आठवड्यात उरकून टाका, "नंतर बघू" म्हणाल तर गेट बंद. पायऱ्या बऱ्याच आहेत, सावकाश उतरा. आणि लाल-तपकिरी चिखल असतो, चांगले बूट घालून जाऊ नका, मुलाचे जुने मागून घ्या.

प्रश्न : आम्ही आठ मित्र, औंध. हरिहरेश्वरला जाणार आहोत, प्रदक्षिणा कोणत्याही वेळी करता येते का? एक जण म्हणतो की भरतीत केली तर थ्रिल जास्त.

उत्तर : त्या एकाला घरी ठेवा. तो मार्ग देवळाच्या मागून टेकडीवर चढतो, मग दोन कातळांच्या मधल्या घळीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि पुढे कातळावरूनच चालायचं, एका बाजूला उभा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी, मधे पळायला जागा नाही. लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत तिथून. ओहोटीतच करा, पाणी उतरत असताना सुरू करा, आणि देवळाजवळ "आज जाऊ का" असं विचारा, नाही म्हणाले तर नाही. ओहोटीत गेलात तर कातळाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील, खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने कोरलेली, ती हात लावून बघा.

भरतीचं थ्रिल हवंच असेल तर गुहागरच्या पुढे हेदवीला जा. तिथे बामणघळ म्हणून कातळात एक अरुंद चीर आहे, भरती पूर्ण होत आली की लाट त्या चिरेत घुसते, आधी आतून घुमल्यासारखा आवाज येतो, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग पाण्याचा खांब सरळ वर. पावसाळ्यात जास्त उंच, पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ऑक्टोबरातही मजा येते आणि भरती साधारण अकरा ते एकच्या दरम्यान, म्हणजे उजेडात. दक्षिणेकडे भरती जरा आधी होते, मुंबईची वेळ बघून उशिरा पोचू नका. आणि चिरेच्या काठावर उभं राहून सेल्फी नको, कातळ शेवाळलेला असतो.

प्रश्न : कोजागरी गच्चीवर करून कंटाळा आला. यंदा अलिबाग-मुरुड साइडला बीचवर करायचा प्लॅन आहे, वीस-बावीस जण. काही टिप्स? (सिंहगड रोड)

उत्तर : प्लॅन मस्त आहे, फक्त चटई कुठे टाकताय ते सांगा. आम्ही हे केलंय. काही वर्षांपूर्वी, रात्री पावणेनऊला पोचलो, पुळण ही एवढी रुंद, चंद्र वर आलेला, सगळे म्हणाले पाण्याजवळ बसू. चटया टाकल्या, गॅसची छोटी शेगडी, त्यावर सात लिटर दूध आटवायला ठेवलं, केशर-वेलची सगळं. अंताक्षरी रंगली. मला मामाचं पाऊणपट गणित पाठ आहे, पण गणित येणं आणि ते वेळेवर आठवणं यात फरक असतो ना. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला ओहोटी, म्हणजे आठ ते दहा हा पाण्याचा सगळ्यात वेगाने चढायचा वेळ, आणि आम्ही बरोबर त्याच वेळात वाटेत बसलेलो. साडेनऊला माझ्या नणंदेनं म्हटलं, चटई ओली कशी लागतेय? पुढच्या लाटेत शेगडी विझली, आणि तिच्या पुढच्या लाटेत पातेलं आडवं. सात लिटर मसाला दूध अरबी समुद्राला. चपला तीन जोड मिळाल्याच नाहीत. पातेलं मिळालं, त्यात वाळू आणि एक खेकडा.

तर टिप एवढीच, किनाऱ्यावर काडीकचऱ्याची, शंखशिंपल्यांची एक वेडीवाकडी रेघ असते, ती दुपारच्या भरतीची खूण. त्या रेघेच्याही वर, सुरूच्या झाडांकडे बसा. खाली कुणी कितीही "अरे इकडे या ना" म्हणालं तरी. आणि रात्री बाराला मात्र सगळ्यांना जागं ठेवा, कारण कोजागरीला चंद्र डोक्यावर यायची आणि पाणी काठोकाठ भरायची वेळ जवळपास एकच, ते गच्चीवरून दिसत नाही. पाण्यात उतरायचं नाही, रात्रीचं तर अजिबातच नाही.

प्रश्न : भावनगरजवळ समुद्रात बुडणारं महादेवाचं देऊळ आहे ते खरं का? (निगडी) आणि चीनमधल्या नदीत उलटी येणारी पाण्याची भिंत, तो व्हिडिओ फेक वाटतो.

उत्तर : दोन्ही खरं. भावनगरजवळ कोळियाकला निष्कलंक महादेव, किनाऱ्यापासून साधारण किलोमीटरभर आत उघड्यावर शिवलिंगं आहेत, पांडवांशी जोडलेली गोष्ट सांगतात. ओहोटीला चालत जायचं, भरतीला सगळं पाण्याखाली, फक्त ध्वजाचा खांब दिसतो. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, भावनगरला पाणी दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं, आपल्या देशात एवढं क्वचितच कुठे. जवळच अलंगला जुनी जहाजं तोडतात ती याच भरतीच्या जोरावर, उधाणात जहाज फुल स्पीडने किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की ते तिथेच बसतं. पाणी मात्र गढूळ, चहासारखं, निळ्या समुद्राची अपेक्षा नको. आणि मामाचं गणित तिथे लावू नका, आखातात आत भरती पोचायला काही तास लागतात, वेळ तिथल्याच लोकांना विचारा.

चीनमधली नदी म्हणजे हांगचौची छियानतांग. तिथेही नरसाळंच, भरती नदीत घुसते ती भिंतीसारखी. त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या अठराव्या दिवशी बघायला गर्दी होते, म्हणजे आपली भाद्रपद किंवा अश्विन पौर्णिमा झाली की तीन दिवसांनी. बघा, तेही तृतीयेलाच जातात! आपल्याकडे हुगळीत पण अशी लाट येते, बंगाली लोक तिला बान म्हणतात.

प्रश्न : तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने तिथी बघून ट्रिपला जा असं छापावं याचं आश्चर्य वाटलं. हे पंचांगाचं खूळ मासिकात कशाला? (प्रभात रोड)

उत्तर : अहो, मुहूर्त नाही सांगितला मी. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनाचं अंतर, दर बारा अंशांना एक, तीस तिथ्यांत तीनशे साठ अंश पूर्ण. समुद्राला याच कोनाशी देणंघेणं आहे. तीस तिथ्यांत भरती चोवीस तासांनी मागे पडते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं, मामाच्या लोकांनी तोंडी हिशोबाला सोपं जावं म्हणून ते पाऊण तास केलं. तारखेवरून हे कळत नाही, ४ ऑक्टोबरला चंद्र दरवर्षी वेगळ्याच जागी असतो. पंचांग नको असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतं, ती घ्या, उत्तर तेच येईल. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मोठ्या लाटांचा इशारा देते, तो मात्र निघण्याआधी बघाच, कारण लांबच्या वादळाने उठलेल्या लाटा तिथी विचारून येत नाहीत.

प्रश्न : एसयूव्ही आहे, फोर बाय फोर. ओहोटीत बीचवर उतरवली तर चालेल ना? (बाणेर)

उत्तर : नाही. ओली वाळू वरून सिमेंटसारखी दिसते आणि चाक गरगरलं की खाली जाते, मग ट्रॅक्टर शोधायचा, ट्रॅक्टरवाला जेवायला गेलेला असतो, आणि सहा तासांनी काय येतं ते वर लिहिलंय.